जीर्णोद्धाराची पावती फाडण्यापूर्वी

मे महिना आला की आपल्याकडच्या बऱ्याच घरांतून चोर्ला घाटाची तयारी सुरू होते. संसार बेळगाव-खानापुरात, कुलदैवत गोव्यात, अशी ही कुटुंबे. आजी ज्याला कुलदैवत म्हणते त्याला शेजारच्या अज्जी 'मनेदेवरु' म्हणतात, पण नवस दोघींचाही एकाच देवाला. घाट उतरला की साखळी, पुढे डिचोली, नार्वे. उत्तरेकडे वळले की पेडणे. अभिषेक होतो, ओटी भरली जाते आणि मग देवस्थानच्या कार्यालयातून पावतीपुस्तक पुढे येते. "देवळाचा जीर्णोद्धार काढलाय, आपलं काहीतरी असू द्या." आपणही हात आखडता घेत नाही. देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार?

देऊ नका असे मी म्हणत नाही. पण देताना त्या शब्दाचा अर्थ तेवढा मनात ठेवावा. मराठीत आणि कानडीत हा शब्द एकच आहे. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करायचा, म्हणजे त्याला उभे ठेवायचे, सावरायचे. अलीकडे मात्र पुष्कळ ठिकाणी जीर्णोद्धार म्हणजे जुने देऊळ मुळापासून उतरवणे आणि त्या जागी सिमेंटचा स्लॅब, ग्रॅनाइटची फरशी आणि तयार साच्यातला कळस बसवणे, असा अर्थ झाला आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, फणसाचे नि सागाचे खांब, चुन्याचा गिलावा, कौलारू छप्पर हे सारे एका उन्हाळ्यात ट्रकमध्ये चढते. देव तोच राहतो, पण पणजोबांनी पाहिलेले देऊळ राहत नाही.

खरा जीर्णोद्धार कसा असतो, याचे उदाहरण डिचोली तालुक्यातच आहे. नार्वेचा श्री सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंबांचा राजदेव. 'सप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद लाभलेले' असे बिरुद ते मिरवत आणि ते त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही कोरलेले सापडते. हेच कदंब आपलेही राजे. खानापूर तालुक्यातल्या हलशीचे भूवराह-नरसिंहाचे देऊळ त्यांच्या काळातले आणि कित्तूरजवळच्या देगाव्याचे कमल-नारायणाचे देऊळ राणी कमलादेवीचे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी ते पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा मोडले. मग नदी ओलांडून देव नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवालयाचे काम करवले. तसा शिलालेख तिथे आहे. आपल्या काळात गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने या देवळाची दुरुस्ती केली आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. घुमट, उतरते छप्पर, दीपस्तंभ ही त्याची ओळख जागच्या जागी आहे.

नार्व्याला हे घडले, कारण हे देऊळ राज्याच्या संरक्षित यादीत आहे. तिथे चिरा हलवायचा तर कुणाला तरी विचारावे लागते. प्रश्न आहे तो यादीबाहेरच्या वास्तूंचा.

गोव्यातल्या जुन्या वास्तूंची तीन वर्तुळे मानता येतील. पहिले केंद्राचे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली वीस-एकवीस स्थळे त्यात येतात आणि त्यांतली बरीचशी जुन्या गोव्यातली चर्चे आहेत. तिथे १९५८ चा केंद्रीय कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आले. दुसरे वर्तुळ राज्याचे. १९७८ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्याखाली पन्नासच्या आसपास स्थळे घोषित झाली. पेडणे तालुक्यातला शापोरा नदीकाठचा हळर्ण किल्ला आणि डिचोलीचा नमाजगाह ही त्यांतली. तिसरे वर्तुळ उरलेल्या सगळ्यांचे आणि तेच सर्वांत मोठे. गावोगावची देवळे, घुमट्या, तळ्या, राजांगणाची चौसोपी घरे, देसायांचे वाडे, जुन्या शाळा. यांच्यासाठी ना केंद्राचा फलक आहे, ना राज्याचा. यांची काळजी जवळून घेऊ शकेल अशी एकच सत्ता उरते, ती म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका.

आता गंमत पाहा. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे पंचायतीच्या परवान्याशिवाय गावात इमारत बांधता येत नाही की तिच्यात वाढ-बदल करता येत नाही. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा दाखला, जमिनीची सनद असे कागद जमवता जमवता माणूस थकून जातो. पण या साऱ्या कागदांत, "या जागेवर आज काय उभे आहे आणि ते किती जुने आहे?" हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. नवे काय होणार याचा नकाशा फाइलीत असतो, जुने काय जाणार याचे साधे छायाचित्रही नसते. मुंबईत शहराच्या नियमावलीत १९९५ साली जुन्या वास्तूंची यादी आणि तीन श्रेणी आल्या आणि त्यांना हात लावण्यापूर्वी समितीचा सल्ला घेणे सक्तीचे झाले. पणजीत फोंतेन्याससारख्या वस्तीला जतन क्षेत्राचे कवच आहे. पेडणे-डिचोलीच्या आडगावांना असे कवच नाही. मुळात हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलेल्या 'नव्या काबिजादीं'तले. गोव्याचा वारसा म्हटला की डोळ्यांपुढे जुन्या गोव्याची चर्चे येतात. या भागातला चिऱ्याचा वाडा कुणाच्या पोस्टकार्डावर नसतो.

घटनेकडे पाहिले तरी हेच. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना २९ विषयांची यादी दिली, त्यात 'सांस्कृतिक कार्यक्रम' आहे, पण जुन्या इमारतींचा नावानिशी उल्लेख नाही. त्यामुळे संस्कृतीचे अनुदान बहुधा रंगमंचावर आणि ध्वनिक्षेपकावर खर्च होते.

दुसरी वाट 'धोकादायक' या शब्दाची. वास्तू माणसांच्या जिवावर उठली असेल तर ती हटवण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना जुन्या फौजदारी संहितेतही होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. हा अधिकार हवाच. पावसाळ्यात भिंत कोसळून कुणाचे लेकरू दगावले तर वारशाच्या गप्पा कोण ऐकेल? पण छप्पर गळते म्हणून भिंत ओली, भिंत ओली म्हणून घर धोकादायक आणि धोकादायक म्हणून पाडा, ही साखळी पहिल्याच कडीला तोडता येते. दहा कौले वेळेवर बदलली तर दहा वर्षांनी जेसीबी बोलवावा लागत नाही. घर धोकादायक ठरवणाऱ्याने ते दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही हेही लिहून द्यावे, इतकी अपेक्षा वावगी नाही.

देवळांची गोष्ट आणखी वेगळी. गोव्यातली बहुतेक हिंदू देवस्थाने पोर्तुगीज अमदानीत झालेल्या १९३३ च्या माझानी नियमावलीप्रमाणे चालतात. देवस्थान महाजनांचे, कारभार निवडलेल्या समितीचा आणि वर प्रशासक म्हणून तालुक्याचा मामलेदार. हिशेब, निवडणुका, तंटे यांवर मामलेदाराची नजर असते. पण सभामंडप पाडावा की सांधावा, हा निर्णय प्रत्यक्षात होतो महाजनांच्या सभेत. त्या सभेला किती जण येतात? बेळगाव-हुबळीचे, पुण्या-मुंबईचे महाजन जत्रेला हमखास येतात, सभेला क्वचित. मग ठराव मूठभरांच्या सहीने होतो आणि पावती आपल्या नावाने फाटते.

अशा ठरावात काय जाते त्याचे एक उदाहरण देते. कोकणपट्टीवर, सिंधुदुर्गापासून गोव्यातून थेट अंकोला-कुमठ्यापर्यंत, देवळांच्या भिंतींवर 'कावी' नावाची कला होती. कानडी वाचकांना अर्थ सांगायला नको. संन्याशाच्या भगव्या वस्त्राला आपण 'कावी बट्टे' म्हणतोच. मुरवलेल्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून आतला पांढरा रंग उघडा करायचा. त्यातून वेली, मोर, दशावतार उमटायचे. डॉ. कृष्णानंद कामत यांनी या कलेचा मागोवा घेत गावोगाव छायाचित्रे काढून ठेवली, म्हणून निदान कागदावर काही उरले. कावीची भिंत सरकवता येत नाही. गिलावा उतरवला की चित्र संपले. तिला मारायला शत्रूची फौज लागत नाही, तेलरंगाचा एक हात पुरतो.

२०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. त्या विषयावर मते वेगवेगळी असू शकतात. माझे म्हणणे एवढेच की चारशे वर्षांपूर्वी पडलेल्या देवळासाठी जेवढी तळमळ, तेवढीच आज उभ्या असलेल्या आणि येत्या उन्हाळ्यात पडणाऱ्या देवळासाठीही असावी.

घरांचे दुखणे निराळे. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी समान वाटेकरी, ही अभिमानाची बाब. पण तीन पिढ्या वाटणीच झाली नाही तर एका वाड्याला पंचवीस-तीस वाटेकरी होतात. कुणी म्हापशात, कुणी दुबईत, कुणी आपल्या शहापुरात. कौले बदलायची तर पैसे कोणी घालायचे? विकायचे ठरले की मात्र सगळ्यांच्या सह्या जमतात. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडण्यातल्या जमिनीला गिऱ्हाईक वाढले. वाड्याची किंमत शून्य आणि वाड्याखालच्या जमिनीची किंमत कोटीत, असे गणित झाल्यावर दोष एकट्या धन्याला कसा द्यायचा?

हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे की जुन्या घरात राहणे सोपे नाही. काळोखी माजघर, वाळवी, लांबचा संडास, म्हाताऱ्यांना न झेपणारे उंच उंबरे. पाहुणे येऊन "काय सुंदर घर!" म्हणतात आणि संध्याकाळी हॉटेलात जातात. केर काढायला घरची सूनच असते. घर राखा असा उपदेश करणाऱ्यांनी राखण्याचा खर्च कोण देणार हेही बोलावे. घराला नवे न्हाणीघर जोडणे, विजेची तारजोडणी बदलणे यांना कोणाचीच हरकत नसावी. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा उभा आहे तो घराण्याने त्यात वस्ती आणि लक्ष ठेवले म्हणून. तेरेखोलचा किल्ला, जिथे १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो आणि सोबतच्या सत्याग्रहींनी तिरंगा लावला, तो हॉटेल होऊन का होईना, छपराखाली राहिला. वापरातली वास्तू टिकते आणि कुलूप लावलेली पडते.

पंचायतीला यात मोठा निधी लागत नाही. चार गोष्टी पुरेत. गावातल्या शंभर वर्षांवरच्या घरांची, देवळांची, तळ्यांची साधी नोंदवही. कॉलेजची मुले एका सुट्टीत ती करून देतील. पाडकामाच्या अर्जासोबत आतून-बाहेरून छायाचित्रांची सक्ती. देऊळ किंवा सार्वजनिक वास्तू असेल तर ग्रामसभेत आगाऊ सूचना. आणि जुने घर नीट राखणाऱ्याला घरपट्टीत काही सूट. याने प्रत्येक घर वाचेल असे नाही, पण एकही घर गुपचूप जाणार नाही.

आता आपल्या हातात काय? पावतीपुस्तक पुढे आले की चार प्रश्न नम्रपणे विचारा. काय पाडणार आणि काय ठेवणार? चुना, चिरा आणि लाकूड यांचे काम जाणणाऱ्याने देऊळ पाहिले आहे का? जुने खांब, दरवाजे, शिलालेख कुठे ठेवणार? पाडण्यापूर्वीची छायाचित्रे कोणाकडे आहेत? उत्तरे मिळाली तर सढळ हाताने द्या, आणि पावतीवर 'छप्पर दुरुस्तीसाठी' किंवा 'जुन्या मंडपाच्या डागडुजीसाठी' असे लिहून मागा. घरातले कोणी महाजनांच्या यादीत असेल तर जत्रेइतकेच महत्त्व सभेलाही द्या. कुळावी असाल, मत नसेल, तरी पत्र लिहिता येते; देणगीदाराचे पत्र समिती वाचतेच.

आणि या सुट्टीत मुलांना घेऊन जाल तेव्हा देवळाच्या खांबांचे, गिलाव्याचे, माडीच्या दरवाजाचे चार फोटो काढून घ्या, मागे गाव आणि तारीख लिहून ठेवा. उद्या सभेत कोणी म्हणाले, "तिथे जुने असे होतेच काय?" तर पुढे ठेवायला निदान तेवढे आपल्याजवळ असेल.