विसार द्या, पण पावती घ्या



लग्नाच्या खर्चाविषयी आपल्या पानावर दर हंगामात पत्रं येतात. हॉल, जेवण, बँड, फोटोवाला, आहेर, सगळ्यांवर लिहून झालं. नवरीच्या केसांचा आणि मेकअपचा विषय मात्र ‘बायकांचं काहीतरी’ म्हणून बाजूला राहतो. पण आता त्यातही आगाऊ रक्कम, ट्रायल, पॅकेज असं सगळं आलं आहे आणि त्यावरून भांडणंही होऊ लागली आहेत. आमच्या पॅरिशमधली दोन कुटुंबं याच कारणाने मिस्सात शांतीचं चिन्ह देताना एकमेकांकडे पाहत नाहीत. म्हणून हे पत्र.

झालं ते असं. ईस्टरनंतरच्या लग्नासाठी मुलीच्या आईने पार्लरला निम्मी रक्कम आधी दिली. पार्लर चालवणारी मुलगी आपल्याच पॅरिशची, घराच्या पुढच्या खोलीत काम करते. लग्नाला अकरा दिवस असताना नवऱ्या मुलाचे वडील गेले. लग्न अर्थातच पुढे ढकललं. मुलीच्या आईचं म्हणणं, ‘आम्ही लग्न मोडलं नाही, देवाने बोलावणं धाडलं. पैसे परत दे, नाहीतर नव्या तारखेत धर.’ पार्लरवालीचं म्हणणं, ‘तुमच्यासाठी मी अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दोन नवऱ्या परत पाठवल्या. तो दिवस माझा रिकामा गेला. मी कुठून देऊ?’

दोघींचंही मी ऐकलं आहे. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नाही. तारीख बदलली तर काय, हे पैसे घेताना कुणी विचारलं नाही आणि कुणी लिहिलं नाही, एवढंच खरं. त्या पैशाला एक ‘बुकिंग’ म्हणते, दुसरी ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणते आणि दोघींच्या मनात त्याचा अर्थ वेगळा आहे.

आपल्या भाषेत या पैशाला जुना शब्द आहे, विसार. इथे ग्वाल्हेरात बयाना म्हणतात. वाजंत्रीवाल्यांना, तमाशाच्या फडाला तारीख धरताना सुपारी देत, तीही याच घराण्यातली. विसाराचा अर्थ साधा आहे: देणारा बांधला जातो आणि घेणाराही बांधला जातो. आजच्या ‘अ‍ॅडव्हान्स’मधला हा दुसरा अर्धा भाग गळून पडला आहे. गिऱ्हाईक बदललं तर पैसे गेले. पण ज्या मॅडमच्या नावावर बुकिंग केलं त्या आल्याच नाहीत, हाताखालच्या शिकाऊ मुलीला पाठवलं, तर? दुसऱ्या एका घरी नेमकं तेच झालं आणि त्यांनाही दाखवायला कागद नव्हता.

आगाऊ पैसे मागणं गैर आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. पूर्वी नवरीला सजवायला घरातली मावशी, आत्या असायची, किंवा ओळखीची न्हावीण यायची. तिला साडी-चोळी आणि चार पैसे दिले की झालं. तिच्या वेळेची किंमत कुणी करत नव्हतं. आज हे शिकून करायचं काम आहे. सामानाला भांडवल लागतं, आणि शनिवारची एक सकाळ गेली की ती परत विकता येत नाही. भाजीवाल्याची उरलेली मेथी संध्याकाळी स्वस्तात तरी जाते. हिची रिकामी सकाळ कोण घेणार?

शिवाय हे काम बायकांना सहज मिळालेलं नाही. मुंबईच्या सिनेमाधंद्यात कामगार संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड देत नसे. बाईने केस करावेत, चेहरा मात्र पुरुषानेच रंगवायचा, असा दंडक होता. चारू खुराना यांच्या खटल्यात १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला, तेव्हा कुठे दार उघडलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या काही मुली आज या कामावर घर चालवतात. त्यांची मजुरी बुडवणं हे पाप आहे, आणि मजुराची मजुरी अडवून ठेवणाऱ्याविषयी पवित्र शास्त्र काय म्हणतं ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

पण मजुरी वेगळी आणि दंड वेगळा. इथे कायदा काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडला तर लिहून ठेवलेल्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी तेवढीच भरपाई मिळते. १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या दिल्लीतल्या मालमत्तेच्या खटल्यात विक्रेत्याने २५,००० रुपये जप्त केले होते. त्यातले १,००० विसाराचे म्हणून ठेवता येतील, बाकीचे २४,००० दंड म्हणून गिळता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. म्हणजे ‘नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का मारला की सगळी रक्कम आपली झाली, असं नाही. तारीख धरून ठेवण्याचा मोबदला राखता येतो. न केलेल्या कामाचे सगळे पैसे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० पासून. बिल किंवा पावती न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सेवेत खोट असेल तर ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. पण आपल्याच गल्लीतल्या मुलीला आयोगासमोर उभं करावं, असं कुणाला वाटेल? म्हणूनच आधी लिहून ठेवायचं, नंतर लढायला नको.

आता ट्रायलविषयी. अनेक घरांत ही चैन समजतात. ‘एकदाच तर करायचंय, दोनदा कशाला?’ पण आपल्या लग्नात तिला विशेष कारण आहे. इथल्या पार्लरवाल्यांचा हात लाल ओढणी आणि अंबाड्यावर बसलेला असतो. ख्रिस्ती नवरीचा व्हेल वेगळा. तो कंगव्याने अडकवतात, आणि पाठीमागे लांब असला तर चालताना केस ओढले जातात. नवरीला मिस्साभर उठायचं, बसायचं, गुडघे टेकायचे असतात, मान खाली घालायची असते. व्हेल वेदीसमोर घसरला तर सगळं लक्ष त्यातच जातं. गाऊन नसून पांढरी साडी असेल तर व्हेल आणखी वेगळ्या जागी बसतो. हे सगळं आधी एकदा डोक्यावर लावून, गुडघे टेकून पाहायला हवं. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर जातो. संध्याकाळी एसीत बसून घेतलेली ट्रायल दुपारच्या लग्नाला काय कामाची? ट्रायल लग्नाच्या वेळेलाच घ्यावी आणि चार तास चेहरा तसाच ठेवून पाहावा. केसांना रंग लावायचा असेल तर दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून पाहावा. केसांच्या रंगाने चेहरा सुजलेली नवरी मी पाहिली आहे. तिचे फोटो तिने कधी कुणाला दाखवले नाहीत.

ट्रायल फुकट मागू नये. त्यात पार्लरवालीचे दोन तास आणि सामान जातं. तिची किंमत वेगळी ठरवावी आणि वेगळी द्यावी. पण क्रम मात्र नीट हवा. आज होतं असं की आधी निम्मे, कधी सगळे पैसे घेतात आणि मग ट्रायल देतात. पैसे अडकल्यावर मुलगी ‘आवडलं नाही’ म्हणणार कशी? ती ट्रायल नव्हे, ती तालीम. आधी थोडी रक्कम देऊन आठ-दहा दिवस तारीख धरावी, त्या दिवसांत ट्रायल घ्यावी, पसंत पडलं तर मग विसार द्यावा. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला आपण दरवर्षी चर्चमध्ये ऐकतो. तो पार्लरलाही लागू आहे.

आणखी एक गोष्ट आपले लोक लक्षात घेत नाहीत. देवउठनी एकादशी किंवा अक्षय्य तृतीया असल्या दिवशी इथे गल्लीगल्लीत लग्नं असतात. त्या दिवशी पार्लरवाली जास्त विसार मागेल, आणि ते रास्त आहे. पण डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत इथे खरमास असतो, हिंदू घरांत लग्नं होत नाहीत. आपल्याकडे आगमनकाळ संपून नाताळ झाला की नेमके तेच तीन आठवडे लग्नांचे. त्या दिवसांत पार्लर रिकामी असतात. मग ‘सीझन आहे’ म्हणून सगळी रक्कम आधी का द्यायची? आपला हंगाम त्यांच्या मंदीत येतो. दोन गोड शब्द बोलून दर कमी करता येतो, आणि पार्लरवालीलाही रिकाम्या दिवसांत काम मिळतं. चातुर्मासातही तेच.

मग वाजवी काय? मला सुचतं ते मांडते. कुणाला वेगळं सुचलं तर जरूर लिहावं. विसार एकूण रकमेच्या चौथाईपेक्षा जास्त नसावा. समजा काम १२,००० चं ठरलं, तर ३,००० विसार, ट्रायलचे वेगळे, बाकी लग्नाच्या दिवशी काम झाल्यावर लगेच. ‘आहेर मोजून मग देतो’ हे चालणार नाही. लग्न दोन महिने आधी रद्द केलं तर विसार परत. त्यानंतर रद्द केलं तर निम्मा. शेवटच्या पंधरा दिवसांत रद्द केलं तर विसार पार्लरचा. घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण आलं तर एकदा तारीख बदलून मिळावी, विसार नव्या तारखेत धरावा. मात्र ती नवी तारीख पार्लरच्या सोयीने, गर्दीचा दिवस सोडून. आणि पार्लरने शब्द मोडला तर विसार परत आणि वर तेवढीच रक्कम, घराच्या व्यवहारात अनेकदा लिहितात तशी. मेकअप कोण करणार त्या व्यक्तीचं नाव, किती जणींचा, किती वाजता, घरी की पार्लरमध्ये, हेही त्याच कागदावर. पैसे यूपीआयने दिले तर खाली ‘विसार’ आणि तारीख टाइप करावी. ‘ट्रायलचे’ असतील तर तसं लिहावं.

एवढं सगळं एका पानावर मावतं. पॅरिश कौन्सिलला माझी विनंती आहे की असा एक कागद हिंदीत छापून ऑफिसात ठेवावा. लग्नाआधीच्या शिबिरात फादर आणि सिस्टर नवरा-नवरीला पुष्कळ चांगलं सांगतात. त्यात एक तास पैशाच्या व्यवहारावर असावा, आणि त्या तासाला पार्लरवाली, फोटोवाला यांनाही बोलवावं; त्यांचीही बाजू मुलांच्या कानावर पडेल. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनाही हा कागद हवा असेल तर द्यावा. त्यांच्या लेकींची लग्नं याच पार्लरमधून होतात.

‘आपल्याच माणसाकडे पावती कशी मागायची, विश्वास नाही असं वाटेल ना,’ हे मला चार ठिकाणी ऐकायला मिळालं. त्यांना मी एवढंच विचारते: करार कायदा ज्या साली झाला, त्याच १८७२ साली भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही झाला. लग्न लागल्यावर आपण नोंदवहीत सही करतो. नवरा करतो, नवरी करते, साक्षीदार करतात, फादर करतात. तिथे कुणाला वाटतं का की एकमेकांवर विश्वास नाही? सगळ्या मंडळीसमोर आयुष्याचा शब्द देऊन झाल्यावरही आपण तो कागदावर घेतो. मग तीन हजारांच्या विसाराला पावती मागण्यात लाज कसली?

त्या दोन कुटुंबांना मी दोघांच्या तोंडावर सांगितलं आहे, तेच इथे लिहिते. मुलीच्या आईने सगळ्या पैशाचा हट्ट सोडावा, पार्लरवालीने निम्मी रक्कम नव्या तारखेत धरावी. लग्न नाताळानंतर आहे, ते दिवस तिला रिकामेच आहेत. आणि या वेळी लिहून घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
किला गेट, ग्वाल्हेर