सोंगणीच्या हंगामातलं बाळ

वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी लागली की रोजावर पोट असलेल्या घरातली बाळंतीणही विळा घेऊन वावरात उतरते. चैत्रात जन्मलेलं मूल तेव्हा सहा महिन्यांचं असतं, आणि याच सुमारास ते माणूस ओळखून एखाद-दोघांना बिलगू लागतं. धुऱ्यावरच्या झाडाला साडीचा झोका असतो. बाळ रडलं तरी सोंगणी गुत्त्याने घेतलेली असेल तर हातातली पात सोडून उठणं महाग पडतं. मग ‘मूल आईला लागत नाही’ म्हणून बोल लागतो तो तिलाच. माझ्या मते तो हिशेबच चुकीचा आहे. माया तिच्याकडे असतेच. तिला उसंत नसते. कॅनडातल्या अभ्यासक शांताल सिर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. गरिबी, अल्पशिक्षण, एकटं पालकत्व अशा अडचणी एकाच घरात साचल्या, की मुलांच्या मायेच्या नात्यातला विस्कळीतपणा छळ सोसलेल्या मुलांच्या जवळपास जातो, असं त्यात दिसलं.

‘आमच्या आयाही वावरात राबल्या, आमचं काय बिघडलं?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत पाहिलं, की अनेक हातांनी सांभाळलेलं मूलही आईशी घट्ट जोडलेलं राहू शकतं. पण ते हात घरात हवेत ना! आज आजीही रोजाने जाते आणि बाप कामासाठी पुण्या-मुंबईकडे असतो.

सरकार काहीच करत नाही, असंही नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. नोकरदार बाईला २०१७ पासून मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेवर ते पसरले, तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये होतात. तेवढ्यात कोण घरी बसेल? २०१८ मध्ये केंद्राने मागास म्हणून ‘आकांक्षित’ ठरवलेल्या वाशीम जिल्ह्यात बाळाचं वजन आणि लसीकरण मोजलं जातं, ते योग्यच. दिवसभर त्याला कोण घेतं, याची नोंद मात्र कुठल्या रकान्यात होत नाही.

अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्यांची. तान्ह्यांना तिथे सहसा जागा नाही. त्यांच्यासाठी पाळणाघरच हवं. ते परवडणार कसं, असं विचारणाऱ्यांनी २००५ चा रोजगार हमी कायदा वाचावा. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायची, ही तरतूद त्यात केली होती. ग्रामपंचायतीने निदान सोंगणीच्या महिन्यात तीच सोय खासगी वावरातल्या मजुरांसाठी करावी, आणि त्या बाईची मजुरी जिल्हा परिषदेने द्यावी.