गर्दी मोजा, चेहरे नकोत!

२९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. गर्दी कोंडू लागली की इशारा देणारे तंत्र आज उपलब्ध आहे. कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या चित्रांत कोणता ठिपका कुठे, किती वेगाने सरकला हे संगणक मोजतो. चाल मंदावली, समोरासमोरून लोंढे भिडले की धोका कळतो. त्यासाठी कुणाचा चेहरा लागत नाही, नाव लागत नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. दादर स्थानकाच्या जिन्यांवर असे मोजमाप जरूर व्हावे, आमच्या आयाबहिणींचा जीव वाचेल. पण त्याच कॅमेऱ्याला चेहरे ओळखायला लावले, तर ती सुरक्षा नव्हे, पाळत आहे. शिवाय यंत्रही निष्पक्ष नसते. २०१८ च्या बुओलाम्विनी-गेब्रू अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकल्या. गोऱ्या पुरुषांबाबत फार तर ०.८ टक्के.

२०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांना अभिवादन करायला येणारा माणूस संशयित नाही, नागरिक आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे : कॅमेरा काय मोजतो आणि चित्रण किती दिवस ठेवतो, हे प्रशासनाने फलकावर मराठीत लिहावे.

जयभीम!