विम्यात पैसे वाचवा, पण कुठे?

जुलै २०२३ आठवतो? जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत धो धो पाऊस झाला, गावांत पाणी शिरलं. अशा पाण्यात दारातली कार बुडाली, तर नुकसान कोण भरून देणार? ‘विमा आहे ना!’ असं म्हणण्याआधी घरातली पॉलिसी उघडून बघा. तिच्यात फक्त ‘थर्ड पार्टी’ असेल, तर गाडीसाठी एक रुपयाही मिळणार नाही.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं होणारं नुकसान. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार हा विमा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्यांदा २ हजार, पुन्हा सापडलात तर ४ हजार रुपये दंड. तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तरीही देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या विम्याविना असल्याचं संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये मांडलं.

दंड तर किरकोळच. चिखली-मेहकर रस्त्यावर अशा गाडीखाली कुणाचा जीव गेला आणि चूक तुमची ठरली, तर न्यायाधिकरण सांगेल ती भरपाई गाडीमालकाला, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या बाबांना, खिशातून भरावी लागते. त्यासाठी वावर विकायची वेळ येऊ शकते.

मग बचत कुठे करायची? थर्ड पार्टीत नाही. तिचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये लागू झालेला दर १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, तर १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. कंपनी कुठलीही असो, आकडा तोच.

वाव आहे तो ‘ओन डॅमेज’मध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यात. इथे प्रत्येक कंपनीचा दर वेगळा, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. वर्षभर क्लेम केला नाही, तर ‘नो क्लेम बोनस’ म्हणून २० टक्के सूट मिळते. सलग पाच वर्षांत ती ५० टक्क्यांवर जाते. त्यामुळे बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हिशेब करा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की बोनस गेला. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी कार विकली तरी नव्या कारवर तो घेता येतो.

एका स्वस्ताईपासून मात्र सांभाळा. हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची विमा किंमत, म्हणजे ‘आयडीव्ही’, कमी लावली जाते. गाडी चोरीला गेली, की तेवढेच पैसे हातात येतात. आणि गाडी पाण्यात बुडाली असेल, तर चावी फिरवू नका. पाणी शिरलेलं इंजिन सुरू करून बिघडलं, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतल्याशिवाय त्याचा खर्च सहसा मिळत नाही.

आज रात्री जेवताना बाबांना एवढंच विचारा, ‘आपली पॉलिसी कधी संपते?’ लगेच उत्तर आलं नाही, तर एमपरिवहन ॲप उघडा. तारीख तिथे दिसेल.