पहिली गिटार घेताना

वसतिगृहात दर वर्षी एखादी गिटार खुंटीला धूळ खात लटकलेली दिसते. ‘पोरात चिकाटी नाही’ असे सगळे म्हणतात. माझ्या मते दोष बहुधा वाद्याचा. तारा पडद्यांपासून इतक्या उंच, की नवशिक्याची बोटे सोलून निघतात!

म्हणून मित्रहो, दुकानात चकाकी पाहू नका. रंग कुणाला ऐकू येतो? पोलादी तार बाराव्या पडद्याशी किती उंच आहे ते पाहा. दोन-अडीच मिलिमीटर असली तर ठीक. मग तार मोकळी छेडा, आणि त्याच पडद्यावर दाबून छेडा. नेमका वरचा सा यावा. नाही आला, तर दुकानदार कितीही गोड बोलो, उठा.

प्लायवूडला नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात अखंड लाकडापेक्षा तेच निमूट टिकते. त्यात वाचलेले पैसे कारागिराला द्यावेत. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आपण हौसेने काढून घेतो. गिटारीच्या घोडीवरची पट्टी घासून तारा खाली आणणेही तितकेच जरुरीचे आहे.

बोटे फारच नाजूक असतील, तर नायलॉनच्या तारांची गिटार घ्या. तिला पोलादी तारा मात्र चढवू नका. ताणाने घोडीच उखडते.