चाक काढा, बूच लावा!

बोटीचा वेगमापक शून्यावर बसला, की माझे बोटवाले मित्र कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. अहो, बोटीच्या पोटाखालचं ते चिमुकलं चाक पाण्यानं फिरायचं. त्यात कवचवाल्या बार्नॅकलनी बिऱ्हाड थाटल्यावर फिरणार कसं? 'रंग फासा' म्हणे! रंगानं हे पाहुणे उशिरा येतात, इतकंच. 'उपग्रह आहे की!' आहे, पण तो जमिनीच्या हिशेबानं वेग सांगतो. प्रवाह किती ओढतोय, हे चाकावाचून कळत नाही. माझं म्हणणं एवढंच: बोट नांगरली, की बूच हाताशी घ्या, चाक उपसा, बूच बसवा आणि चाक जुन्या टूथब्रशनं घासा. थोडं पाणी आत उडेल, उडू द्या. डार्विननं बार्नॅकलपायी १८४६पासून आठ वर्षं घालवली. तुम्हांला आठ मिनिटं जड?