सर लाउरी कोल आणि आपले पूर्वज

गव्हर्नरांची नावे सनावळीसह पाठ झाली म्हणजे मुलांना इतिहास आला, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. पण एका गव्हर्नराचे चरित्र नीट उलगडले, तर त्यात आपल्या घराण्याची सुरुवातही सापडते. सर गॅलब्रेथ लाउरी कोल यांचे चरित्र असेच आहे.

कोलसाहेबांचा जन्म १७७२ चा. आयर्लंडमधील एनिस्किलनच्या अर्लचे ते दुसरे चिरंजीव. जहागीर थोरल्याकडे जायची, म्हणून धाकट्याने १७८७ साली लष्कराची वाट धरली. घराण्याच्या वजनामुळे पार्लमेंटची जागाही मिळाली. १८०३ पासून १८२३ पर्यंत ते फर्मानाचे खासदार होते. शौर्यात मात्र ते कमी नव्हते. १८११ साली स्पेनमधील आल्बुएरा येथे हातची जाऊ लागलेली लढाई त्यांच्या चौथ्या डिव्हिजनने सावरली. १८१२ साली सलामांकाला ते जखमी झाले. १८१५ च्या वॉटर्लूला तेवढे ते नव्हते; तीनच दिवस आधी त्यांचे लग्न झाले होते!

१८२३ साली ते मॉरिशसचे गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२५ साली, ब्रिटनने आपल्या साखरेवरील जादा जकात उठवून ती वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीला आणली. मळेवाल्यांनी रान तोडून ऊस लावला. तो राबून वाढवला गुलामांनी. १८३५ साली गुलामगिरी संपली, तेव्हा मालकांना सुमारे २१ लाख पौंड भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना एक पैसाही नाही! ऊस मात्र उभाच होता. त्यासाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची जहाजे येऊ लागली, आणि त्यांतच पुढे मुंबई बंदरातून आपले खापरपणजोबा आले.

जकात कोलसाहेबांनी एकट्याने बदलली नाही, आणि गुलामगिरीही त्यांनी आणली नाही. त्यांच्यावर सगळा दोष टाकण्यात अर्थ नाही. पण त्यांचे शौर्य शिकवायचे आणि त्यांच्या काळात वाढलेला ऊस कोणी तोडला हे सांगायचे नाही, हा अर्धाच हिशेब झाला.

कोलसाहेब १८२८ साली येथून केपला गेले व १८४२ साली वारले. एनिस्किलनला उंच स्तंभावर त्यांचा पुतळा आहे. वर जायला १०८ पायऱ्या आहेत. आपल्या पूर्वजांचा स्तंभ कोठेच नाही. त्यांची नावे, नंबर व गावे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात नोंदलेली आहेत.

पालकहो, या सुटीत मुलांना घेऊन तेथे जा. आपल्या माणसाचा कागद शोधून काढा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग गव्हर्नरांची यादी खुशाल पाठ करू द्या.